ऑर्लीनबाईंची हरायची प्रार्थना

टॉलिव्हर गावात ऑर्लीनबाई पिकेट यांच्याशी लोक जरा जपूनच बोलत. बाई प्रेमळ, हात सढळ, चर्चच्या कामाला सगळ्यांच्या आधी हजर. पण त्यांना थाप मारता येत नसे. काही माणसांना शीळ घालता येत नाही ना, तसंच. तोंडाचा चंबू व्हायचा आणि बाहेर नुसती हवा यायची. लग्नाच्या दिवशी नवरीने हौसेने "कशी दिसते मी?" म्हणून विचारलं, की बाकीच्या बाया ऑर्लीनबाईंना कोपराने ढकलत मागे नेत. क्लीटस न्हाव्याच्या बापाच्या मयताला पाद्री गेलेल्या माणसाचे गुण सांगू लागले, तेव्हा पुढच्या बाकावरून आवाज आला होता, "पाद्रीसाहेब, कागद बदलला का? हे दुसऱ्या कुणाचं दिसतंय." क्लीटसच्या आईलाच हसू फुटलं म्हणून निभावलं.

माणसांना थाप मारता येत नाही, तर देवाला कुठून मारणार? त्यांचा नवरा डूल शेवटच्या दुखण्यात पडला होता, तेव्हा सगळं चर्च त्याच्या पलंगाभोवती उभं राहून, तो बरा व्हावा म्हणून देवाला आळवत होतं. ऑर्लीनबाईंनी डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "प्रभू, हा दमलाय. मीही दमलेय. ने याला." देवाने नेलं. काही बायांनी त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या हातचा केक खाल्ला नाही. ऑर्लीनबाईंचं म्हणणं एवढंच, "मला जे हवं होतं ते मागितलं. मनात एक आणि तोंडात एक असं करून त्याला फसवू कशी? तो काय आयकरवाला आहे?"

हा डूल तरुणपणी टॉलिव्हर कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू काखेत मारून पळायचं आणि आडवा येईल त्याला पाडायचं तो. संघाचं नाव 'खेचरं'. ज्या पाद्र्याने कॉलेज काढलं, त्याच्याकडे पैसा नव्हता, इमारत नव्हती, एक खेचर तेवढं होतं. म्हणून ते नाव. बाकीच्या कॉलेजांचे संघ वाघ, गरुड, नाहीतर चित्ते, आणि टॉलिव्हरची खेचरं. खेळतही तशीच. अंगात ताकद भरपूर, पण चेंडू घेऊन पुढे जायची वेळ आली की पाय रोवून जागेवर उभी. आठ मैलांवरच्या ब्रँटली कॉलेजच्या गरुडांनी डूलचं नाक तीनदा मोडलं होतं. डूलच्या वेळेला ब्रँटलीला हरवता आलं नाही, त्याच्यानंतरही कुणाला आलं नाही. जेवताना नाक वाजायचं त्याचं. "ब्रँटलीची शिट्टी," म्हणायचा तो त्याला.

दर शनिवारी सामना आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सगळा संघ चर्चमागच्या सभागृहात जेवायला, ही पद्धत कॉलेजइतकीच जुनी. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, घागरभर गोड गार चहा, आणि डुकराची खारवलेली तंगडी घालून शिजवलेले पावटे. पावटे डूलच्या बहिणीचे, वॉनेटाचे. नणंद-भावजय एकाच चुलीवर चाळीस वर्षं चर्चसाठी रांधत आल्या होत्या आणि चाळीस वर्षं एकमेकींच्या पातेल्यात डोकावून नाक मुरडत आल्या होत्या. पोरं ताटं वाढून उभी राहायची, पाद्री गिलस्ट्रॅप विजयासाठी मोठी थोरली प्रार्थना म्हणायचे, पोरं 'आमेन' म्हणून कोंबडीवर तुटून पडायची, आणि दुसऱ्या दिवशी हरायची. आदल्या सबंध मोसमात एकही सामना जिंकला नव्हता. गावातली लोकं मैदानावर जात ती कॉलेजचा बँड ऐकायला. बँड झकास होता. मध्यंतरात गर्दी, आणि मध्यंतर संपलं की पार्किंगमध्ये गाड्या सुरू झाल्याचे आवाज.

त्या वर्षी मोसमाचा पहिला सामना खेचरं हरली, आणि तोही असा, की पाद्री गिलस्ट्रॅप पंचांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेऊन आले. डॉक्टरने बोलायला बंदी केली. पुढच्या शुक्रवारी सभागृहात ते गळ्याला मफलर गुंडाळून, हातात पोरांची पाटी घेऊन उभे. पाटीवर लिहिलेलं, 'मी गप्प आहे.'

आता प्रार्थना कुणी म्हणायची? वडीलधारे म्हणून चर्चचे कारभारी डीकन हर्ली घसा खाकरत पुढे झाले आणि संघाचा कोच ट्रॅव्हिस बोल्डन याच्या तोंडचं पाणी पळालं. हर्ली एकदा सुरू झाले की आदमपासून येत. मागच्या ईस्टरला त्यांच्या प्रार्थनेत एक मूल झोपून, उठून, परत झोपलं होतं. कोचने घाईघाईने चुलीकडे बोट दाखवलं. गावात वयाने मोठ्या बाईला, लग्न झालेलं असो नसो, मानाने 'मिस'च म्हणत. "आज मिस ऑर्लीन म्हणतील! बायकांनी रांधलंय, बायकांनीच म्हणावं. हो की नाही?"

ऑर्लीनबाईंचे पाय सुजलेले, कोंबडी तळून तोंड लाल झालेलं, आणि आत्ताच वॉनेटाचे पावटे चाखून जिभेला चरका बसलेला. त्यांनी झारा तसाच हातात धरला आणि डोळे मिटले.

"प्रभू, उद्या आम्ही हरणारच आहोत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, या पोरांनाही माहीत आहे. निदान कुणाचं हाड मोडू देऊ नकोस, आणि फार वेळ लावू नकोस. जेवण दिलंस, बरं केलंस. वॉनेटाने पावट्यात मीठ जास्त टाकलंय, तिला क्षमा कर. आमेन."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग संघाचा कप्तान टेरिल मॅगी, दारातून आत यायला आडवं व्हावं लागेल एवढा धिप्पाड गडी, तोंडावर हात दाबून हलायला लागला. तो हलला तसं टेबल हललं. मग सगळी पोरं फुटली.

"वहिनी!" वॉनेटा किंचाळली. "देवापुढे? माझे पावटे?"

"त्याला काय वास येत नाही का?" ऑर्लीनबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी खेचरं जिंकली.

कशी जिंकली ते कुणालाच नीट सांगता येईना. टेरिलच्या मते पोरं हसत हसत मैदानात उतरली आणि हरायची भीतीच विसरली. कोच बोल्डनचं मत वेगळं होतं. कोच म्हणजे शकुन-अपशकुनांचं चालतंबोलतं दुकान. उजवा मोजा आधी, डावा नंतर. टोपी मोसमभर धुवायची नाही, इतकी की टोपी उतरवली तरी टेबलावर उभी राहायची. पण एका विजयाने तोही लगेच काही म्हणाला नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत पाद्र्यांचा घसा सुटला, त्यांनी आठवडाभराचं साठलेलं सगळं ओतून अशी काही प्रार्थना केली की दोन आचारिणींच्या डोळ्यांना एप्रन लागले. आणि शनिवारी खेचरं सडकून हरली.

सोमवारी सकाळी कोच ऑर्लीनबाईंच्या ओट्यावर.

"मिस ऑर्लीन, येत्या शुक्रवारी तुम्हीच म्हणा."

"का? पाद्र्यांना काय झालं?"

"काही नाही. तेच तर. त्यांचा घसा आता ठणठणीत आहे."

ऑर्लीनबाईंनी म्हटली. मनापासूनच म्हटली, कारण खेचरं हरणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. खेचरं जिंकली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी शब्द थोडे बदलून पाहिले, तर कोचने टोपी छातीशी धरली आणि कळवळून म्हणाला, "मॅम, पावट्यांचं राहिलं."

"अरे, आज पावटे चांगले झालेत."

कोचने वॉनेटाकडे पाहिलं. सगळ्या संघाने वॉनेटाकडे पाहिलं. वॉनेटा पिकेट हिच्या सगळ्या आयुष्यात इतक्या तरण्याबांड पोरांनी एकदम तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिने मुकाट्याने मिठाचं भांडं उचललं आणि पातेल्यावर उपडं केलं.

तिथून पुढे प्रार्थना शब्दाला शब्द तीच झाली. खेचरं जिंकत गेली आणि गावाला वेड लागलं. क्लीटसच्या दुकानाच्या काचेवर खडूने लिहिलेलं, 'उद्या आम्ही हरणारच आहोत. आज केस कापून घ्या.' पेट्रोल पंपावर त्याच वाक्याचे सदरे विकायला आले. चर्चच्या रस्त्याकडेच्या फलकावर, जिथे एरवी बायबलचं वचन असायचं, तिथे पाद्र्यांनी स्वतः शिडीवर चढून अक्षरं लावली, 'खेचरं हरणार. रविवारी दहा वाजता उपासना.' बँडने 'हरणार, हरणार' अशी चाल बसवली आणि मध्यंतरानंतर आता एकही गाडी सुरू होईना. वॉनेटाला तर रस्त्यात लोक थांबवून हात मिळवू लागले. शेजारच्या गावाहून बाया खारट पावट्यांची कृती विचारायला आल्या. "माझ्या वहिनीने देवाकडे माझं नाव काढलं," असं ती आता मान ताठ करून सांगायची, जणू शिफारसच केली होती.

सगळं गाव खुशीत, ऑर्लीनबाई मात्र नाही.

झालं होतं असं, की पाचव्या-सहाव्या विजयाच्या सुमाराला एका शुक्रवारी त्या "उद्या आम्ही हरणारच" म्हणायला गेल्या आणि जीभ टाळ्याला चिकटली. कारण त्या वाक्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांना वाटत होतं, उद्या आपण जिंकणार. नुसतं वाटतच नव्हतं, तर हवं होतं. त्यांना रात्री स्वप्नात टेरिल चेंडू काखेत मारून पळताना दिसायचा. आणि देवापुढे उभं राहून त्या म्हणत होत्या, हरणारच. मारून मुटकून शब्द बाहेर काढले. पोरं 'आमेन' म्हणाली. ऑर्लीनबाई ताट न वाढता घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी खेचरं जिंकली, आणि त्यांना तो विजय चोरीच्या मालासारखा वाटला.

त्या पाद्र्यांकडे गेल्या. पाद्री गिलस्ट्रॅप चर्चच्या ऑफिसात दाराला कडी लावून ब्रँटलीच्या सामन्याची चित्रफीत बघत होते. दार वाजल्यावर त्यांनी ती बंद केली आणि बायबल उघडलं. उलटं उघडलं.

"पाद्रीसाहेब, मी देवाशी खोटं बोलतेय. दर शुक्रवारी. साक्षीदार लावून."

"सिस्टर ऑर्लीन, त्याला नम्रता म्हणतात."

"नम्रता नाही, थाप म्हणतात. मला जिंकायचंय आणि मी म्हणते हरणार."

"देवाला तुमच्या मनातलं कळतंच की."

"कळतं ना? मग तोंडाने दुसरं सांगितलं की तो काय म्हणत असेल?"

पाद्री जरा विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या छातीवर, कोटाच्या आतल्या बाजूला, खेचराचं चिन्ह लावलेलं होतं. "देवाला विनोद कळतो," ते शेवटी म्हणाले.

"कळत असेल. पण तोच विनोद दर शुक्रवारी? तो कधीतरी म्हणेल, बाई, पुरे." ऑर्लीनबाई उठल्या. "बायबल सरळ धरा."

मोसमाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर, ब्रँटलीशी. जिंकलं तर सगळ्या गटाचा चषक, जो टॉलिव्हरच्या काचेच्या कपाटात आजवर कधीच आला नव्हता. त्या कपाटात एक वक्तृत्वाची ढाल आणि एक मेलेली माशी होती. गुरुवारी संध्याकाळी कोच पुन्हा ओट्यावर आला. या वेळी त्याने टोपी हातात घेतली होती, म्हणजे विषय गंभीर होता.

"मिस ऑर्लीन, असं ऐकतोय की तुम्ही उद्या दुसरी प्रार्थना म्हणणार."

"पाद्र्यांच्या पोटात काही राहत नाही."

"एकदाच म्हणा. शेवटची. मग आयुष्यात तुम्हाला कुणी काही म्हणायला लावणार नाही. हवं तर मी चर्चला येणं बंद करतो."

"तू येतोस कुठे?"

"येईन म्हणतोय मग." कोच पायरीवर बसला. "मॅम, या वर्षी मी पोरांना काय शिकवलं ते मला ठाऊक नाही. मी तेच शिकवलं जे मागच्या वर्षी शिकवलं होतं. बदललं एवढंच, तुमची प्रार्थना. दुसरं कारण असेल तर मला सापडलेलं नाही. आणि तुम्ही तेवढंच काढून घेताय."

"पोरं चांगली झालीत, ट्रॅव्हिस. तुला दिसत नाही का? मागच्या वर्षी ती चेंडू बघून पळायची, यंदा चेंडू घेऊन पळतात."

"तसं असेल तर मग जुनी प्रार्थना म्हटल्याने काय बिघडतं?"

ऑर्लीनबाई उठून आत गेल्या. कोच गेला तसा वॉनेटाचा फोन आला.

"वहिनी, कोच रडत रडत आमच्या दारावरून गेला."

"रडत नव्हता. त्या टोपीचा वास डोळ्यांत जातो."

"डूल असता ना, तर हजारदा म्हटला असता. ब्रँटलीला हरवायला तो सैतानाच्या पाया पडला असता."

"पडला असता. आणि परत आल्यावर मला सांगितलं असतं, की आज सैतानाच्या पाया पडून आलो. लपवलं नसतं."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग वॉनेटा म्हणाली, "हरलो तर गाव तुला फाडून खाईल."

"माहीत आहे."

"मी उद्या मीठ टाकू की नको?"

"तुझी मर्जी."

त्या रात्री ऑर्लीनबाईंनी पलंगाशी गुडघे टेकले, आणि पहिल्यांदाच काय बोलावं ते त्यांना सुचेना. एकीकडे सगळं गाव, ती पोरं, काचेचं ते कपाट. दुसरीकडे एवढंच, की आयुष्यभर त्या ज्याच्याशी सरळ बोलत आल्या, त्याच्याशी उद्या पुन्हा तोंड फिरवून बोलायचं. त्या नुसत्याच गुडघ्यांवर बसून राहिल्या, पायाला मुंग्या येईपर्यंत.

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. संघ होता, बँड होता, क्लीटस होता, ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नव्हती तेही होते. डीकन हर्ली खुर्चीवर उभे राहिले होते. वॉनेटाने पावट्यांचं पातेलं मध्यभागी आणून ठेवलं. वासावरूनच कळत होतं, अख्खा समुद्र ओतलाय.

ऑर्लीनबाईंनी एप्रनला हात पुसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"प्रभू, उद्या," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांचे ओठ पुढच्या शब्दांसाठी त्यांच्याबरोबर हलले. "उद्या मला जिंकायचं आहे."

एक-दोघांनी सवयीने 'हरणारच आहोत' म्हणून टाकलं आणि जीभ चावली.

"बरेच दिवस मी तुला दुसरंच सांगत आले. ते खोटं होतं. सुरुवातीला नव्हतं, नंतर झालं. मला फार जिंकायचं आहे. ब्रँटलीवाले रडत बसमध्ये चढताना मला बघायचे आहेत. हे काही चांगलं नाही, पण आहे ते असं आहे. त्यांनी डूलचं नाक तीनदा मोडलं आणि एकदाही विचारपूस केली नाही. ही पोरं चांगली खेळतात, आणि ती स्वतःच्या जोरावर खेळतात, माझ्या तोंडाच्या जोरावर नाही. तिकडे ब्रँटलीतही कुणी म्हातारी या घटकेला तुझ्याकडे हेच मागत असेल. तुझं तू बघ. पावटे आज मुद्दाम खारट केलेत. वॉनेटाचा हात मुळात चांगला आहे, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. आमेन."

'आमेन' कुणीच म्हटलं नाही. पाद्र्यांनी ओठ हलवले, पण त्यांचा घसा बसला असावा. टेरिल मॅगीचा चेहरा पुडिंगसारखा पांढराफटक पडला होता.

"मिस ऑर्लीन," तो हळूच म्हणाला, "हे काय केलंत हो?"

"जेव. कोंबडी गार होतेय."

"नाही, पण... आम्ही स्वतःच्या जोरावर?"

"मग काय माझ्या? माझा गुडघा जिना चढत नाही."

वॉनेटा चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती पातेलं घासत होती. पातेलं भरलेलं होतं.

शनिवारी सामना असा झाला की तो बघायला मेलेले उठून आले असते. खेचरं पुढे, मग ब्रँटली पुढे, मग खेचरं. बँडवाल्यांनी वाजवणं सोडून वाद्यं कुशीत घेतली होती. शेवटी ब्रँटली दोन गुणांनी पुढे, घड्याळात काही क्षण, आणि टेरिलने पाच जणांना अंगावर लादून चेंडू इतका जवळ आणून ठेवला की आता फक्त एक लाथ. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण, आणि चषक. लाथ मारणाऱ्या पोराने मारली. चेंडू उंच गेला, सरळ गेला, मग वाऱ्याने म्हणा की कशाने म्हणा जरासा कलला, उजव्या खांबावर ठण्णकन आदळला आणि मैदानातच परत आला.

ब्रँटलीच्या बाजूला जल्लोषाने आभाळ दणाणलं. टॉलिव्हरच्या बाजूला लोक त्या खांबाकडे बघत राहिले. आणि मग ती सगळी बाजू, म्हणजे खालच्या रांगेपासून वरच्या रांगेपर्यंत सगळी माणसं, सूर्यफुलासारखी एकदम वळली आणि ऑर्लीनबाईंकडे पाहू लागली.

ऑर्लीनबाई बसून होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर हात. चेहरा असा की आत्ताच कुणीतरी पायावर पाय दिलाय.

"जुनी म्हटली असती तर गेला असता आत," मागून क्लीटस म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुम्हीच घालवला."

ऑर्लीनबाई काही बोलायच्या आत वॉनेटा उठली. वॉनेटा उठली की बाक हलायचा.

"क्लीटस, लाथ काय हिने मारली? आं? हिचा गुडघा बघितलास? जास्त बोललास तर तुझ्या बापाच्या मयतात ही जे बोलली, ते खरंच होतं, एवढंच सांगते! चल गं वहिनी."

आणि तिने भावजयीचा दंड धरला आणि रांगेतून वाट काढत नेलं. लोक बाजूला झाले, पण नमस्कार कुणी केला नाही. फाटकापाशी कोच उभा होता. टोपी त्याच्या हातात होती आणि तो त्या टोपीकडेच पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होता.

"जुनी म्हटली असती तर?" ऑर्लीनबाईंनी स्वतःच विचारलं.

"ठाऊक नाही, मॅम," कोच म्हणाला. मग जरा थांबून, "चेंडू अर्धा हातही बाहेर नव्हता गेला. मागच्या वर्षी आम्ही त्या टोकाला कधी पोचलोच नव्हतो." त्याने टोपी नाकाशी नेली, दचकून लांब धरली. "ही धुवायला हवी."

घरी आल्यावर ऑर्लीनबाईंनी डूलच्या फोटोवरची धूळ पुसली, त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि दिवा न लावता झोपल्या.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं, पण मयताला भरतं तसं. ऑर्लीनबाईंच्या बाकावर त्या आणि वॉनेटा दोघीच. बाकीच्यांना एकाएकी दुसरीकडे जागा सापडली होती. संघ मागच्या रांगांमध्ये, सुजलेले चेहरे आणि चिकटपट्ट्या घेऊन. पाद्री गिलस्ट्रॅप यांनी सहनशीलतेवर प्रवचन दिलं. देताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला, दोन्ही वेळा 'खांब' या शब्दावर. एरवी या चर्चमध्ये पाद्र्याच्या प्रत्येक वाक्याला खालून हाका येत, 'सांगा, पाद्री, सांगा!' त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही.

शेवटची प्रार्थना राहिली. पाद्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भित्रा माणूस होता, पण त्या घटकेला त्याला काय झालं कोण जाणे.

"शेवटची प्रार्थना," ते म्हणाले, "सिस्टर ऑर्लीन पिकेट म्हणतील."

सगळे बाक एकदम करकरले. कुणीतरी उघड उघड दीर्घ श्वास सोडला. वॉनेटा कुजबुजली, "वहिनी, गोड बोल हं. आजच्या दिवस गोड बोल."

ऑर्लीनबाई पुढच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. गोड काहीतरी शोधायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. तुझी इच्छा थोर आहे, असं काहीतरी. तोंडाचा चंबू झाला. नुसती हवा आली. त्यांनी ओठ मिटले, डोळे मिटले, आणि जे होतं ते सांगितलं.

"प्रभू, मी तुझ्यावर रागावले आहे. सध्या एवढंच. आमेन."

पाद्र्यांनी चष्मा परत काढला. मग मागच्या रांगेतून, जिथे टेरिल मॅगी बसला होता तिथून, डोंगर कोसळावा तसा आवाज आला, "आमेन!"

"आमेन!" क्लीटस न्हावी ओरडला आणि स्वतःच दचकला.

"आमेन! सांगा, सिस्टर, सांगा!" डीकन हर्ली मूठ आपटत म्हणाले, आणि मग बाया, बाप्ये, बँडवाले, चिकटपट्ट्या लावलेली पोरं, लाथ मारणारा तो पोरगाही, सगळ्यांनी बाक बडवत एकच गजर केला. पाद्र्यांनीही केला. त्या चर्चच्या छपराखाली इतका मोठा आमेन आजवर झाला नव्हता, ईस्टरलाही नाही. पाठीमागे कोच बोल्डन, धुतलेल्या टोपीने डोळे पुसत उभा होता. ही टोपी निळी होती, हे गावाला त्या दिवशी कळलं.

ऑर्लीनबाई खाली बसल्या. वॉनेटाने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात कोंबला.

"हे गोड होतं?" तिने विचारलं.

"मीठ जास्त झालं का?" ऑर्लीनबाई म्हणाल्या, आणि मागून कुणीतरी सरकत त्यांच्या बाकावर येऊन बसलं, म्हणून त्या थोड्या आत सरकल्या.